नाव पटावर, मूल घरी

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 2012 मध्ये, संसदेने त्यात जी दुरुस्ती केली तिच्यात बहुविकलांग व तीव्र विकलांग बालकाला घरी राहून शिक्षण घेण्याचाही हक्क राहील, अशा आशयाची एक लहानशी तरतूद घालण्यात आली. ज्या मुलाला अंथरुणावरून उठवून बसवायलाच दोन माणसे लागतात, ज्याला केव्हा झटका येईल याचा नेम नसतो, ज्याच्या गावापासून शाळेपर्यंतची वाट धडधाकट माणसालाही पावसाळ्यात दुस्तर होते, त्याच्यापर्यंत शाळेनेच चालत जावे, हा त्या तरतुदीमागील हेतू उदार होता, आणि त्याविषयी शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. परंतु राजधानीत मंजूर झालेले कलम तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत त्याचा अंमल भलत्याच हातांत जातो. जी निवड मुलाने आणि त्याच्या आईबापांनी करायची, ती प्रवेशाच्या दिवशी दुसरेच कोणी करून टाकते. आणि शाळा घरी यावी म्हणून दिलेला हक्क मूल शाळेत येऊ नये यासाठी वापरला जातो.

पश्चिम महाराष्ट्रातील काही तालुक्यांत अशा मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांशी, त्यांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांशी आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागातील माणसांशी बोलल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. पर्यायी शिक्षण म्हणजे नेहमीच्या शाळेऐवजी दुसरी एखादी शाळा, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ज्या मुलांचे असे शिक्षण नीट चालले आहे, त्यांच्या बाबतीत ते कोणत्याच एका ठिकाणी चाललेले नाही. थोडी गावची शाळा, थोडे घर, थोडा उपचार, थोडे मुक्त विद्यालय, अशा चार ठिकाणच्या चार गोष्टी कोणीतरी एकत्र आणून त्यांचा मेळ घातलेला असतो, आणि तो मेळ घालणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुलाची आई असते. सरकारने या चारही गोष्टींची कमीअधिक तजवीज केली आहे. मेळ घालण्याची तजवीज मात्र कोणीच केलेली नाही.

हे आजचे नाही. महाराष्ट्रातील विशेष शाळांचा इतिहास पाहिला तर आरंभी धर्मादाय वृत्तीची माणसे दिसतात: मुंबईत 1885 च्या सुमारास मूकबधिरांसाठी संस्था निघाली, आणि 1900 मध्ये अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंध मुलांना शिकवावयास घेतले, तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. परंतु ज्यांचे अपंगत्व बुद्धीशी किंवा मेंदूशी निगडित मानले गेले त्यांच्याकडे ही दया फारशी वळली नाही, आणि तेथे आईबापांनाच पुढे यावे लागले. 1944 मध्ये मुंबईच्या वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरात जी शाळा सुरू केली ती जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली; डॉ. मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीच्या शिक्षणाचा मार्ग शोधता शोधता 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. आणि नाशिकला रजनीताई लिमये यांनी, स्वतःच्या मुलाला कोणती शाळा सामावून घेईल या विवंचनेतून, 1977 मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर उभे केले. या तिन्ही संस्थांनी पुढे हजारो मुलांचे आयुष्य सावरले, त्याबद्दल महाराष्ट्राने कृतज्ञ असले पाहिजे. पण त्या कृतज्ञतेच्या भरात हे विसरता कामा नये की प्रत्येक ठिकाणी एका घराला जे करावे लागले ते समाजाचे कर्तव्य होते. ज्या आईच्या हाती इतकी साधने नाहीत, इतके शिक्षण नाही, मुंबई-नाशिकसारखे शहर नाही, तिने काय करावे, हा प्रश्न या संस्थांच्या यशाने सुटत नाही.

अशाच एका आईची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, मुलीचेही नाही. मुलगी जन्मली तेव्हा पूर्ण दिवसांची होती, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला कावीळ झाली आणि ती वेळीच ओळखली गेली नाही. नवजात बालकाची साधी कावीळ निळ्या प्रकाशाखाली ठेवल्याने बहुधा उतरते. ती हाताबाहेर गेली तर रक्तातले पित्तद्रव्य मेंदूत शिरून, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलवरच्या केंद्रांना कायमची इजा करते. या मुलीचे तसेच झाले. हात पुढे करावा म्हटले की तो भलतीकडेच जातो, मान ठरत नाही, बोलायला गेली की तोंड वेडेवाकडे होऊन शब्द अस्पष्ट उमटतो. आणि या सगळ्या अनावर हालचालींच्या मागे अनेकदा शाबूत बुद्धी असते, हे मात्र पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. बोलून किंवा हाताने ठोकळे मांडून उत्तर द्यावयाच्या चाचण्यांत असे मूल नापास होते, आणि त्याच्या कागदांवर मतिमंद असा शेरा पडतो. या मुलीच्या कागदांवरही तो काही वर्षे होता.

जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाने दाखला दिला. चाळीस टक्के अपंगत्वाची मर्यादा तिने कधीच ओलांडलेली असल्यामुळे 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याची सारी कवाडे तिला रीतसर उघडी झाली. त्या कायद्याने तर सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. आई दाखला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले, आणि म्हणाले, "ताई, नाव पटावर घेतो, त्याची काळजी करू नका. पण पोरीला रोज आणायची तसदी घेऊ नका. आमचीही सोय नाही आणि तिचेही हाल."

या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हे मी त्या मुख्याध्यापकांना भेटल्यावर खात्रीने सांगू शकतो. 30 सप्टेंबरच्या पटसंख्येवर शाळेची संचमान्यता ठरते, म्हणजे किती शिक्षक राहणार आणि किती अतिरिक्त ठरणार हे त्या आकड्यावर अवलंबून असते. लहान शाळेत एक नावदेखील मोलाचे असते. त्याच वेळी दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालवणाऱ्या शाळेत, जिला उचलून बसवावे लागते अशा मुलीची जबाबदारी घ्यायला माणूस नसतो. नाव हवे आणि मूल परवडत नाही, अशा कात्रीत सापडलेला भला माणूस जे करील तेच त्यांनी केले. पण त्याचा परिणाम असा झाला की सरकारच्या दफ्तरी ती मुलगी शाळेत होती, आणि जे मूल शाळेत आहे त्याच्यासाठी दुसरी काही व्यवस्था करण्याची निकड कोणालाच वाटत नव्हती. शाळाबाह्य मुलांची मोजणी होते. पटावर नोंद असूनही घरी पडून राहिलेल्या मुलाची मोजणी कोण करणार?

दीड वर्ष असे गेल्यावर तालुक्याच्या विशेष शिक्षिका त्या घरी आल्या. समग्र शिक्षा योजनेखाली नेमलेल्या, कंत्राटी मानधनावर काम करणाऱ्या आणि गावोगाव फिरणाऱ्या या बाईंनी आरंभी पुस्तक उघडलेच नाही. त्यांनी सुतार बोलावला. मुलगी तोवर भिंतीला उशा लावून किंवा आजीच्या मांडीवर बसत असे, आणि अशा बसण्यात तिची सारी शक्ती न पडण्यातच खर्च होई. बाईंनी तिची मापे घेतली: पाठीची उंची, मांडीची लांबी, गुडघ्यापासून तळपायापर्यंतचे अंतर. त्या मापांवरून कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात राहतील, तळपाय फळीवर घट्ट टेकतील, दोन्ही बाजूंनी आधार असेल आणि पुढे पोटाच्या आकाराची खाच असलेली फळी येईल, अशी लाकडी खुर्ची तयार झाली. पाय टेकल्याबरोबर मान स्थिरावते, आणि मान स्थिरावली की नजर स्थिरावते, हे शरीरशास्त्राचे साधे तत्त्व; पण ते ठाऊक नसल्यामुळे किती मुलांची शाळेतली वर्षे जमिनीवर आडवी पडून वाया गेली असतील, या विचाराने मन विषण्ण होते. आजींनी मला सांगितले, "पोर बसली आणि माझ्याकडं सरळ बघितलं. तवर तिनं मला तिरकंच बघितलं होतं."

येथे थोडे विषयांतर करतो. बैठक, पकड आणि दैनंदिन हालचाल यांतून माणसाला पुन्हा कामाला लावणारे जे व्यवसायोपचाराचे शास्त्र, ते या देशात रुजवले एका बाईंनी, आणि त्यांचे नाव महाराष्ट्राच्या विस्मृतीत जाऊ नये असे मला मनापासून वाटते. कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णुपंत निंबकरांशी विवाह करून 1930 मध्ये त्या भारतात आल्या, आणि पुढे अमेरिकेत हे शास्त्र शिकून येऊन 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय त्यांनी सुरू केले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1980 च्या दशकात काढलेल्या मराठी शाळेला त्यांचेच नाव आहे: कमला निंबकर बालभवन. मुलाला वाचता कसे येते याचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एका भाषाशास्त्रज्ञ बाईंची शाळा, आणि तिच्या दारावर हातापायांना कामाला लावणाऱ्या उपचारतज्ज्ञ बाईंचे नाव! शिक्षण आणि उपचार ही आपल्या राज्यकारभारात वेगवेगळी खाती आहेत, त्यांच्या इमारती वेगळ्या, त्यांचे अधिकारी एकमेकांना ओळखत नाहीत. पण मुलाच्या देहात ती दोन्ही एकाच जागी राहतात. त्या मुलीची खुर्ची ही उपचाराची वस्तू की शिक्षणाची, याचा निर्णय न झाल्यामुळे तिचे पैसे कोणत्याच खात्यातून मिळाले नाहीत आणि ते अखेर वडिलांनी दिले.

खुर्चीनंतर अक्षरे आली, आणि हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटला. मुलीचा हात बोट दाखवण्याच्या कामाचा नव्हता, वाणी अस्पष्ट होती, पण नजर आता ताब्यात आली होती. बाईंनी पारदर्शक पत्र्याचा एक चौकोनी फलक आणला. त्याच्या कोपऱ्यांत आधी चित्रे चिकटवली: पाणी, भूक, झोप, बाहेर. आईने समोर बसायचे, फलक दोघींच्या मध्ये उभा धरायचा, आणि मुलीचे डोळे कोणत्या कोपऱ्याकडे जातात ते पलीकडून पाहायचे. काही महिन्यांत चित्रे अपुरी पडू लागली, तेव्हा बाईंनी आपल्या वर्णमालेचाच आश्रय घेतला. पाणिनीच्याही आधीपासून चालत आलेली जी वर्गव्यवस्था, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे पाच वर्ग आणि प्रत्येकात पाच वर्ण, ती या कामी जणू मुद्दाम रचून ठेवल्यासारखी उपयोगी पडते. मुलगी पहिल्या नजरेने वर्ग सांगते, दुसऱ्या नजरेने त्या वर्गातील स्थान, आणि तिसऱ्या नजरेने काना, मात्रा, वेलांटी. य-पासूनच्या वर्णांसाठी वेगळी जागा केलेली आहे. तीन नजरांत एक अक्षर पुरे होते. मी तेथे असताना तिने माझे आडनाव विचारले, आणि ते ऐकून झाल्यावर माझे गाव. ही मुलगी मतिमंद असल्याचा शेरा ज्या कागदावर होता तो कागद नंतर बदलून मिळाला, पण त्यासाठी आईला पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागल्या, कारण एका खात्याने पाहिलेले दुसऱ्या खात्याला कळवण्याचा शिरस्ता नाही.

मग शाळेचा प्रश्न पुन्हा निघाला. आईचे म्हणणे असे होते की घरात एकटीने शिकून पोर शहाणी होईल, पण तिला मैत्रिणी कोठून मिळणार? पूर्ण दिवस शाळेत बसणे तिच्या अंगाला झेपण्यासारखे नव्हते, हेही खरे. तेव्हा अशी तडजोड निघाली की सकाळी घरी व्यायाम आणि विशेष शिक्षिकेने नेमून दिलेला अभ्यास व्हावा, आणि मधल्या सुट्टीच्या आधीपासून दोन तास मुलीने आपल्या खुर्चीसह वर्गात यावे. खुर्ची ने-आण करायला वर्गातलीच मुले पुढे आली. परिसर अभ्यास, गोष्टी आणि गाणी वर्गात. गणित आणि लेखन घरी. या व्यवस्थेला कोणत्याही शासन-निर्णयात नाव नाही. ही नेहमीची शाळा नव्हे, विशेष शाळा नव्हे, आणि गृहाधारित शिक्षणही नव्हे. मुख्याध्यापकांना हजेरी कशी मांडावी हे कळेना, तेव्हा ते आपल्या जबाबदारीवर रोज पूर्ण हजेरी मांडू लागले. त्यांचा हा निर्णय मला सर्वस्वी योग्य वाटतो.

आता ती मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि प्रश्न परीक्षेचा आहे. राज्य मंडळाच्या दहावीत दिव्यांग विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, लेखनिक आणि काही विषयांत सवलती मिळतात. महाराष्ट्राने अध्ययन अक्षम मुलांसाठी 1996 पासूनच अशा सवलतींना आरंभ केला, हे आपल्या राज्याला भूषणावह आहे. पण या सवलती घेऊनही सारे विषय एकाच हंगामात, दिवसाआड पेपर अशा गतीने द्यायचे असतात, आणि जिला एक अक्षर सांगायला तीन नजरा लागतात तिचा देह तीन तासांच्या पेपरानंतर दुसऱ्या दिवशी उठत नाही. म्हणून घरच्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे मोर्चा वळवला. 1989 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून निघालेल्या या संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवता येते, मराठी माध्यम उपलब्ध आहे, आणि मुख्य म्हणजे पाच वर्षांची मुदत व तिच्यात नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे पाच विषय एकेक करून दिले तरी चालते. गणित नको असेल तर ते घेण्याची सक्ती नाही. गृहविज्ञान, चित्रकला यांसारखे विषयही घेता येतात. या प्रमाणपत्राला मान्यता आहे. दिव्यांग मुलांना मंडळाने दिलेल्या सर्व सवलतींहून ही एक सवलत, वेळेची, मला मोठी वाटते. कारण अशा मुलाकडे आकलन असते, जिद्द असते, आणि ज्या एका गोष्टीची चणचण असते ती वेळाची.

तरीही मुक्त विद्यालय शिकवत नाही, परीक्षा घेते. हे समजून न घेता मुलाचे नाव तेथे घालून निश्चिंत होणारी घरे मी पाहिली आहेत. अभ्यासकेंद्र तालुक्यात नसते, संपर्कवर्ग शहरात भरतात, पुस्तके टपालाने येतात आणि ती समजावून देणारा कोणी नसतो. पुन्हा सारा भार आईवर आणि विशेष शिक्षिकेवर येतो.

त्या विशेष शिक्षिकेविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीशकुमार पांडे यांच्या प्रकरणात या शिक्षकांच्या तुटपुंज्या संख्येची दखल घेतली, आणि त्यानंतर प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक व पुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण केंद्र सरकारने ठरवले. मी भेटलेल्या बाईंकडे एका तालुक्याचा मोठा टापू आहे. एखाद्या घरी महिन्यातून एकदा पोचणे त्यांना जमते, पावसाळ्यात तेही जमत नाही. दिव्यांग मुलींना योजनेतून महिना 200 रुपये, वर्षाचे दहा महिने, प्रोत्साहन भत्ता मिळतो. तो कोणाच्या खात्यावर आला, कोणाचा राहिला, याचा तगादाही त्यांनाच लावावा लागतो. वर्षानुवर्षे कंत्राटावर राहून, पुढच्या वर्षी आपली नेमणूक राहील की नाही हे ठाऊक नसताना, या बाई सुताराला मापे सांगतात आणि मुलीच्या डोळ्यांतून अक्षरे वाचतात.

माझे मागणे मोठे नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गृहाधारित शिक्षण हा पर्याय कायम ठेवताना त्याच्या परिणामकारकतेची तपासणी करण्याचे आणि त्यासाठी मानके ठरवण्याचे आश्वासन दिले आहे. ती तपासणी व्हावी, आणि तिच्यात पटावरच्या नावाऐवजी प्रत्यक्ष मूल पाहिले जावे. त्याचबरोबर प्रत्येक तालुक्यात असा एक कायम नेमणुकीचा माणूस असावा, ज्याचे काम शिकवणे नसून जुळवणे असेल: जिल्हा रुग्णालयाचा दाखला, खुर्चीचे पैसे, शाळेची अर्धवेळ हजेरी, मुक्त विद्यालयाचा अर्ज आणि लेखनिकाची मंजुरी हे सारे एका मुलाच्या एका फायलीत आणून ठेवणे, आणि मूल इयत्ता किंवा गाव बदलील तेथे ती फाईल पुढे पाठवणे. राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आहे. शिक्षण, आरोग्य आणि हा नवा विभाग यांच्यामधली मोकळी जागा भरून काढायला असा माणूस लागेल. आज ती जागा आई भरून काढते, आणि त्यासाठी या आईने आपली शिवणकामाची मिळकत सोडली आहे.

सध्या तिच्यापुढे लेखनिकाचे काम आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीला स्वतःचा लेखनिक आणता येतो, पण त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे लागते. आणि या मुलीची नजर वाचता येणारी माणसे घरात आई आणि बाहेर विशेष शिक्षिका, दोघीही त्या नियमात बसत नाहीत. शेजारच्या वाड्यातील नववीतली एक मुलगी तयार झाली आहे. ती रोज संध्याकाळी फलकासमोर बसते, आणि दोघींचा वेग हळूहळू वाढतो आहे. संयुक्त अक्षरांपाशी अजून अडते, म्हणून त्यांसाठी फलकावर एक वेगळी खूण करायचे त्या दोघींनीच ठरवले आहे. पहिले दोन विषय मराठी आणि गृहविज्ञान. परीक्षेत हा फलक वापरू द्यावा, प्रश्न वाचून दाखवावेत आणि तासाला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळावा, असा अर्ज आईने अभ्यासकेंद्रामार्फत पाठवला आहे. त्यावर पर्यवेक्षकाला हा फलक समजावून कोण सांगणार, अशी विचारणा आली आहे, आणि विशेष शिक्षिकांनी परीक्षेच्या दिवशी केंद्रावर स्वतः येण्याची तयारी लेखी कळवली आहे.